‘ड्यू’ वाचायचा कसा, वापरायचा कसा : बिलाच्या तारखेपासून बाळंतपणाच्या तारखेपर्यंत

‘युअर पेमेंट इज ड्यू’ असा मेसेज आला की काही जण दचकतात आणि बिल थकलं असं समजून घाईघाईनं पैसे भरून टाकतात. काही जण ‘अजून वेळ आहे’ म्हणत मेसेज बाजूला सारतात. खरं तर त्या मेसेजात थकल्याचा उल्लेखच नसतो. आणि वेळ नेमका किती आहे, हे ‘ड्यू’च्या पुढच्या चिमुकल्या शब्दात लिहिलेलं असतं. तोच शब्द वाचायचा राहून जातो.

डी-यू-ई एवढ्या तीन अक्षरांचं हे विशेषण बँकेच्या पत्रात, विम्याच्या कागदात, वाचनालयाच्या शिक्क्यात, स्टेशनवरच्या फलकावर, प्रसूतितज्ज्ञांच्या चिठ्ठीत आणि कोर्टाच्या आदेशात सगळीकडे भेटतं. शब्दकोश उघडला तर ‘देय’, ‘अपेक्षित’, ‘योग्य’ आणि ‘मुळे’ असे एकमेकांशी ओळख नसलेले चार अर्थ दिसतात. ते पाठ करण्यात फारसा फायदा नाही, वाक्य समोर आलं की चारही एकदम आठवतात आणि गोंधळ होतो. माझ्या मते या शब्दाचा अर्थ एकच धरावा आणि तो वाक्यात कुठे बसलाय ते बघावं. या लेखात तेच पायरीपायरीनं करू.

पहिली पायरी : मूळ अर्थ पकडा

‘ड्यू’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून आणि त्याचं मूळ आहे ‘देबेरे’ या लॅटिन क्रियापदात. ‘देबेरे’ म्हणजे देणं लागणं. ‘डेट’ म्हणजे कर्ज, ‘डेबिट’ म्हणजे खर्ची पडलेली रक्कम आणि ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य, ही सगळी एकाच घरातली भावंडं. (‘डेट’मध्ये उच्चार न होणारा जो बी आहे, तो हे लॅटिन नातं दिसावं म्हणून विद्वानांनी नंतर घुसवलेला आहे, जुन्या इंग्रजी लेखनात तो नव्हता.)

मराठी माणसाला ही कल्पना समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण ‘देणं’ हा शब्द असाच ऐसपैस वापरतो. ‘मी त्याचं हजार रुपये देणं लागतो’ हेही म्हणतो आणि ‘आपण समाजाचं काही देणं लागतो’ हेही म्हणतो. पैसा देणं लागतो, तसा मानही देणं लागतो. ‘ड्यू’चा पसारा नेमका एवढाच आहे. पैसे देणं लागत असतील तर ती रक्कम ड्यू. वेळापत्रकानं गाडीचं येणं कबूल केलं असेल तर गाडी ड्यू. एखाद्याला जेवढा मान मिळायला हवा, तो त्याचा ड्यू रिस्पेक्ट. आणि एखादी गोष्ट ज्याच्या खात्यावर मांडायची, ती त्याला ड्यू. उशीर पावसाच्या खात्यावर मांडला की तो ‘ड्यू टू रेन’ झाला. ‘मुळे’ हा अर्थ आला तो असा.

उच्चाराचं एका ओळीत सांगतो. ब्रिटिश बोलण्यात ‘ड्यू’ आणि पुष्कळदा जवळजवळ ‘ज्यू’ असं ऐकू येतं, अमेरिकन बोलण्यात सरळ ‘डू’. त्यामुळे अमेरिकन माणूस बोलत असेल तर ‘करणं’ या अर्थाचा ‘डू’ आणि हा ‘ड्यू’ कानाला सारखेच लागतात, संदर्भावरूनच ओळखायचं.

दुसरी पायरी : शब्दाची बैठक बघा

‘ड्यू’ नामाच्या आधी आला तर अर्थ बहुधा ‘योग्य तेवढा, रीतसर’ असा होतो. ‘ड्यू केअर’ म्हणजे योग्य ती काळजी, ‘ड्यू नोटिस’ म्हणजे रीतसर सूचना, ‘ड्यू कन्सिडरेशन’ म्हणजे पुरेसा विचार.

क्रियापदानंतर आला, म्हणजे ‘इज ड्यू’, ‘वॉज ड्यू’, ‘फॉल्स ड्यू’ असा दिसला, तर अर्थ ‘देय’ किंवा ‘अपेक्षित’. ‘द फी इज ड्यू’ म्हणजे फी भरायची आहे. ‘द बस इज ड्यू’ म्हणजे बस यायची वेळ झाली आहे.

नामाच्या लगेच मागे बसला, तरी ‘देणं लागणारा’ हाच अर्थ. ‘अमाउंट ड्यू’, ‘बॅलन्स ड्यू’, ‘द रिस्पेक्ट ड्यू टू अ टीचर’. मराठी वळणानं आपण ‘ड्यू अमाउंट’ म्हणून जातो, कारण आपल्याकडे विशेषण नामाच्या आधी येतं. चालून जातं, पण औपचारिक पत्रात ‘अमाउंट ड्यू’ लिहावं, जुळतं तेच.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे ‘ड्यू डेट’. इथे ‘ड्यू’ नामाच्या आधी आहे, पण ‘योग्य तारीख’ असा अर्थ होत नाही. ज्या दिवशी काही द्यायचं किंवा व्हायचं आहे, ती तारीख. हा जोडशब्दच झाला आहे, तसाच लक्षात ठेवावा.

आणखी एक. ‘ड्यू’ला कमी-जास्त लावता येत नाही. ‘व्हेरी ड्यू’, ‘मोअर ड्यू’ असं कुणी म्हणत नाही. तारीख आली किंवा नाही आली, मधलं काही नसतं. फार दिवस झाले असं म्हणायचं असेल तर ‘लाँग ओव्हरड्यू’ म्हणतात.

तिसरी पायरी : पैशाचा ‘ड्यू’

इथे रेंगाळायलाच हवं, कारण चुकलं तर खिशाला बसतं.

सगळ्यात आधी ‘ड्यू’ आणि ‘ओव्हरड्यू’ वेगळे करा. रक्कम ड्यू आहे म्हणजे ती द्यायची आहे आणि तिची तारीख ठरलेली आहे किंवा आलेली आहे. तारीख उलटून गेली की ती ओव्हरड्यू होते. अमेरिकन पत्रांत यालाच ‘पास्ट ड्यू’ म्हणतात. मराठीत ‘थकीत’, ‘थकबाकी’ म्हणतो, ते ओव्हरड्यूला लागू पडतं, ड्यूला नाही. एखाद्या ग्राहकाची तारीख अजून आलेलीही नसताना त्याला ‘युअर बिल इज ओव्हरड्यू’ लिहिलं, तर तो दुखावणारच. त्यानं काहीही थकवलेलं नाही.

आता त्या चिमुकल्या शब्दांकडे या.

‘ड्यू ऑन द टेन्थ’ म्हणजे दहा तारखेला द्यायचं. ‘ड्यू बाय द टेन्थ’ म्हणजे दहा तारखेपर्यंत कधीही द्या, दहावा दिवस सामान्यतः धरून. पण त्या दिवशी किती वाजेपर्यंत, हे ‘बाय’ सांगत नाही. ऑनलाइन अर्ज असेल तर वेळ आणि टाइम झोन लिहिलाय का ते जरूर बघा. ‘ड्यू इन थर्टी डेज’ किंवा ‘ड्यू विदिन थर्टी डेज’ असेल तर दिवस कुठून मोजायचे, हा खरा प्रश्न असतो. व्यापारी बिलांवर ‘नेट थर्टी’ असं लिहिलेलं असतं, तिथे सामान्यतः बिलाच्या तारखेपासून तीस दिवस धरतात. बिल तुमच्या हाती पडलं त्या दिवसापासून नाही. ‘ड्यू ऑन रिसीट’ असेल तर बिल मिळालं की लगेच.

‘ड्यू फ्रॉम’ आणि ‘ड्यू टू’ ही जोडी हिशेबाच्या वह्यांत कायम दिसते. ‘ड्यू फ्रॉम’ म्हणजे अमुककडून येणं, ‘ड्यू टू’ म्हणजे अमुकला देणं. नव्यानं हिशेब शिकणारे यात नेमके उलटे जातात. ‘फ्रॉम’ दिसलं की पैसा त्याच्याकडून आपल्याकडे येणार, एवढं डोळ्यासमोर आणलं की पुरतं.

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन आकडे शेजारीशेजारी असतात. ‘टोटल अमाउंट ड्यू’ म्हणजे त्या महिन्याचं सगळं देणं. ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ म्हणजे निदान एवढं तरी भरा, अशी रक्कम. हा दुसरा आकडा वाचून ‘एवढंच द्यायचं होतं’ असं समजणं फार महागात पडतं. तेवढी रक्कम वेळेवर भरली तर विलंबशुल्क टळतं, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं, आणि कार्डाचं व्याज इतर कर्जांच्या मानानं चढं असतं. इथे ‘ड्यू’ शब्दाला दोष नाही, त्याच्या आधीच्या ‘मिनिमम’कडे दुर्लक्ष होतं.

विम्यात ‘प्रीमियम ड्यू डेट’ आणि ‘ग्रेस पीरियड’ अशा दोन गोष्टी येतात. ड्यू डेट गेली की हप्ता ओव्हरड्यू झाला, पण पॉलिसी लगेच बंद पडत नाही. सवलतीच्या मुदतीत हप्ता भरता येतो. सवलतीच्या शेवटच्या दिवसालाच ड्यू डेट समजून चालणारे लोक मी पाहिलेत. ती सवय सोडलेली बरी, एखादा व्यवहार अडकला तर पुढे हात-पाय हलवायला जागा राहत नाही.

क्रियापदं कोणती वापरायची? ‘इज ड्यू’ रोजचं. ‘फॉल्स ड्यू’ आणि ‘बिकम्स ड्यू’ थोडी औपचारिक, करारात दिसणारी: ‘द सेकंड इन्स्टॉलमेंट फॉल्स ड्यू इन जून’, म्हणजे दुसरा हप्ता जूनमध्ये द्यायचा होईल. मागच्या काळापासून आजवर देणं बाकी असेल तर ‘इज ड्यू सिन्स मार्च’ लिहू नका, ‘हॅज बीन ड्यू सिन्स मार्च’ लिहा. ‘मार्चपासून बाकी आहे’ हे मराठी वाक्य वर्तमानकाळात आहे म्हणून ही चूक होते, आणि चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही होते.

चौथी पायरी : वेळेचा ‘ड्यू’

‘द ट्रेन इज ड्यू ॲट सिक्स’ म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे गाडी सहाला यायची आहे. गाडी सहाला येईलच, अशी हमी यात नाही. लंडनच्या बसथांब्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर मिनिटांचा आकडा कमी होत होत शेवटी नुसतं ‘ड्यू’ असं झळकतं. बस आता पोचतेच आहे, असा त्याचा अर्थ.

भूतकाळात गेलं की या शब्दाला एक सूक्ष्म छटा येते. ‘द ट्रेन वॉज ड्यू ॲट सिक्स’ असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं की गाडी सहाला आली नसावी. ‘शी वॉज ड्यू टू स्पीक’ म्हणजे तिचं भाषण ठरलं होतं, आणि पुढे काहीतरी ‘पण’ येणार आहे. ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलं असेल तर इथे ‘वॉज ड्यू’ वापरायचं कारण नसतं. आपल्या ‘येणार होता’सारखंच हे आहे. ‘तो काल येणार होता’ म्हटलं की तो आला नाही, हे न सांगता कळतं.

‘ड्यू’ हा वेळापत्रकाचा, नियोजनाचा शब्द आहे. स्वतःच्या मनातल्या बेतासाठी तो वापरत नाहीत. ‘द मीटिंग इज ड्यू टू स्टार्ट ॲट टेन’ बरोबर. पण ‘मी आता जरा झोपणार आहे’ यासाठी ‘आय ॲम ड्यू टू स्लीप’ असं कुणी म्हणणार नाही.

‘ड्यू फॉर’ थोडा वेगळा. ठरावीक काळानं येणारी पाळी आली, असं तो सांगतो. ‘द मशीन इज ड्यू फॉर सर्व्हिस’ म्हणजे मशीनची सर्व्हिसिंगची वेळ आली. ‘शी इज ड्यू फॉर अ प्रमोशन’ म्हणजे नियमानं किंवा कामाच्या हिशेबानं तिला बढती मिळायची वेळ झाली. मिळालीच असं नाही. मराठी बोलताना आपण ‘माझं प्रमोशन ड्यू आहे’ म्हणतो. इंग्रजीत माणसाला कर्ता करून ‘आय ॲम ड्यू फॉर अ प्रमोशन’ म्हणणं जास्त स्वाभाविक. ब्रिटिश लोक ‘फॉर’ गाळूनही बोलतात: ‘आय ॲम ड्यू अ हॉलिडे’, मला सुट्टी मिळायला हवी.

आणि मग बाळंतपणाची ड्यू डेट. ‘द बेबी इज ड्यू इन मार्च’ असंही म्हणतात आणि आईलाच कर्ता करून ‘शी इज ड्यू इन मार्च’ असंही. ही तारीख काढण्याची जुनी रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावानं ओळखली जाते: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, तीन महिने मागे जायचं आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला सुरू झाली असेल तर पुढच्या वर्षीची १७ मार्च. हे साधारण २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे होतात. सोनोग्राफीवरून डॉक्टर ही तारीख पुढेमागे करतात.

इथे ‘ड्यू डेट’ या एकाच जोडशब्दाची दोन टोकं दिसतात. बिलाची ड्यू डेट ही हद्द असते, ती ओलांडली की दंड. बाळाची ड्यू डेट हा अंदाज असतो. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात, आणि ३७ ते ४२ आठवड्यांच्या मधला कुठलाही दिवस सर्वसाधारण मानला जातो. घरातली माणसं ही तारीख बिलाच्या तारखेसारखी वाचतात आणि ती उलटली की गर्भवतीला ‘अजून कसं नाही?’ विचारून हैराण करतात. तारखेनंतर डॉक्टरांची तपासणी आणि सल्ला वेळच्या वेळी घ्यावा हे खरंच, पण नातेवाइकांनी रोज चौकशी करावी असा ‘ड्यू’चा अर्थ होत नाही. ‘व्हेन आर यू ड्यू?’ हा प्रश्नही एखादीनं स्वतः बातमी सांगितली असेल तरच विचारावा.

पाचवी पायरी : तीन ‘ड्यू टू’ वेगळे करा

सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथे. पुढचं वाक्य सावकाश वाचा:

‘द पेमेंट ड्यू टू द कॉन्ट्रॅक्टर इज ड्यू टू बी मेड ऑन फ्रायडे, द डिले इज ड्यू टू अ बँक हॉलिडे.’

म्हणजे, कंत्राटदाराला द्यायची रक्कम शुक्रवारी द्यायचं ठरलं आहे. उशीर झाला तो बँकेच्या सुट्टीमुळे. एका वाक्यात तीन ‘ड्यू टू’ आले आणि तिन्ही निराळे. ओळखायचे कसे? ‘ड्यू टू’च्या पुढे काय आलंय ते बघायचं. पुढे माणूस किंवा संस्था असेल आणि विषय पैशाचा, मानाचा, श्रेयाचा असेल, तर ‘त्याला देणं’. पुढे क्रियापद असेल तर ‘ठरलेलं आहे’. पुढे घटना किंवा परिस्थिती असेल तर ‘त्यामुळे’. बहुतेक सगळी वाक्यं एवढ्यानं सुटतात.

‘मुळे’ या अर्थाच्या ‘ड्यू टू’वर इंग्रजीत जुना वाद आहे. ‘ड्यू’ हे विशेषण, तेव्हा त्याला टेकायला नाम हवं, असं जुने व्याकरणकार म्हणत. ‘हिज ॲब्सेन्स वॉज ड्यू टू इलनेस’ त्यांना मान्य, कारण ‘ड्यू’ तिथे ‘ॲब्सेन्स’ या नामाला टेकलेला आहे. ‘ड्यू टू इलनेस, ही वॉज ॲब्सेंट’ मात्र अमान्य, तिथे ‘बिकॉज ऑफ’ किंवा ‘ओइंग टू’ हवं. १९२६ साली भाषातज्ज्ञ फाउलर यांनी तर हा वापर अशिक्षितांचा ठरवला होता. पण १९५७ मध्ये कॅनडाच्या संसदेत राणी एलिझाबेथ यांनी वाचलेल्या राजभाषणातलं एक वाक्य ‘ड्यू टू’नंच सुरू झालं होतं. आज दोन्ही प्रकार सर्रास चालतात. माझा सल्ला असा: बोलताना आणि रोजच्या मेलमध्ये बिनधास्त वापरा. परीक्षेत किंवा काटेकोर वाचकासाठी लिहिताना वाक्याच्या सुरुवातीला ‘बिकॉज ऑफ’ घ्या आणि ‘ड्यू टू’ ‘इज’, ‘वॉज’नंतर ठेवा. मग कुणीच बोट ठेवू शकत नाही.

खऱ्या चुका यापेक्षा वेगळ्या आहेत, आणि त्यांना सूट नाही. पहिली, ‘ड्यू टू’च्या मागे अख्खं वाक्य जोडणं. ‘ड्यू टू इट वॉज रेनिंग’ चूक. ‘ड्यू टू रेन’ किंवा ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ लिहा. यातून सुटण्यासाठी लोक ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ लिहितात, ते व्याकरणात बसतं पण पाच शब्दांचं काम एका ‘बिकॉज’मध्ये होतं. दुसरी, ‘द रीझन फॉर द डिले इज ड्यू टू रेन’. ‘रीझन’मध्ये कारण आलं, ‘ड्यू टू’मध्ये पुन्हा तेच. ‘द डिले इज ड्यू टू रेन’ म्हटलं की झालं.

सहावी पायरी : मानाचा आणि रीतीचा ‘ड्यू’

‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ म्हणजे योग्य तो आदर राखून. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ ऐकलं की सावध व्हा, पुढे विरोध येणार हे नक्की. वरिष्ठांशी असहमती दाखवताना आपण आदबीनं बोलतोय असं वाटून लोक हा शब्दप्रयोग वापरतात. कानाला मात्र तो पुष्कळदा टोचतो, विशेषतः लेखी मेलमध्ये, जिथे आवाजातला मऊपणा पोचत नाही. मी तो टाळतो आणि ‘आय सी इट डिफरन्टली’ लिहितो.

‘इन ड्यू कोर्स’ म्हणजे यथावकाश. ‘वुई विल रिप्लाय इन ड्यू कोर्स’ असं उत्तर आलं तर त्यात तारीख नाही, हे ओळखा. ज्याला काम करून घ्यायचं आहे त्यानं सभ्यपणे विचारावं: ‘कुड यू गिव्ह मी अ लाइकली डेट?’ आणि आपण स्वतः लिहीत असू, तर तारीख माहीत असताना ‘इन ड्यू कोर्स’च्या आड लपू नये.

‘ड्यू डिलिजन्स’ म्हणजे व्यवहाराआधी घ्यायची रीतसर खबरदारी, कागदपत्रांची छाननी. अमेरिकेतल्या १९३३ च्या रोखे कायद्यानंतर हा शब्द वित्तक्षेत्रात रुजला. ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ त्याहून कितीतरी जुना, इंग्लंडमधल्या १३५४ च्या कायद्यात तो आहे. माणसाला शिक्षा करण्याआधी त्याची बाजू ऐकणं हे त्याचं येणं आहे, हा विचार त्यात आहे, आणि म्हणूनच ‘ड्यू’ हे विशेषण तिथे इतकं चपखल बसतं.

भावंडं, चटकन

‘अनड्यू’ म्हणजे वाजवीपेक्षा जास्त: ‘अनड्यू प्रेशर’, अवाजवी दबाव. ‘पैसे देणं नाही’ यासाठी हा शब्द वापरत नाहीत, ‘नॉट येट ड्यू’ किंवा ‘नथिंग इज ड्यू’ म्हणतात. ‘ड्यूली’ म्हणजे रीतसर. स्पेलिंगमध्ये ई गळतो, डी-यू-एल-वाय. ‘ड्यूज’ हे नाम, म्हणजे वर्गणी किंवा देणी. ‘गिव्ह हिम हिज ड्यू’ म्हणजे आवडत नसला तरी त्याला त्याचं श्रेय द्या. ‘ड्यू नॉर्थ’मध्ये हा क्रियाविशेषण होतो, नेमकं उत्तरेला.

सातवी पायरी : पैसे मागणारा मेल लिहा

हा शब्द अंगवळणी पाडायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे येणं मागणारे तीन छोटे मेल लिहून बघणं.

तारखेच्या आधीचा: ‘जस्ट अ रिमाइंडर दॅट इनव्हॉइस ट्वेल्व्ह इज ड्यू ऑन फ्रायडे.’ यात कुठेही तक्रार नाही, नुसती आठवण.

त्याच दिवशीचा: ‘इनव्हॉइस ट्वेल्व्ह इज ड्यू टुडे.’ एवढंच. ‘ओव्हरड्यू’ लिहिण्याचा मोह आवरा, दिवस अजून संपलेला नाही.

तारखेनंतरचा: ‘इनव्हॉइस ट्वेल्व्ह वॉज ड्यू लास्ट फ्रायडे अँड इज नाऊ ओव्हरड्यू. प्लीज लेट मी नो व्हेन वुई कॅन एक्स्पेक्ट पेमेंट.’ इथे ‘वॉज ड्यू’नं तारीख सांगितली, ‘ओव्हरड्यू’नं ती उलटल्याचं सांगितलं आणि शेवटच्या वाक्यानं नवी तारीख मागितली. तीन कामं, आवाज न चढवता. ‘यू हॅव नॉट पेड’ असं सुरू केलं तर समोरचा आधी स्वतःचा बचाव करायला बसतो. कर्ता बिल असलं की बोलणं बिलावर राहतं.

आठवी पायरी : हे पत्र उलगडा

समजा एखाद्या क्लबकडून सभासदाला असं पत्र आलं:

‘युअर ॲन्युअल ड्यूज फेल ड्यू ऑन द फर्स्ट. ड्यू टू अ सिस्टिम फॉल्ट, द नोटिस वॉज नॉट सेंट. नो लेट फी इज ड्यू फ्रॉम यू. प्लीज रिटर्न द फॉर्म, ड्यूली साइन्ड. न्यू कार्ड्स आर ड्यू टू अराइव्ह नेक्स्ट वीक अँड विल बी मेल्ड इन ड्यू कोर्स.’

पहिल्या वाक्यातला ‘ड्यूज’ नाम, वर्गणी. पुढचा ‘फेल ड्यू’ विशेषण: वार्षिक वर्गणी एक तारखेला भरायची होती. दुसऱ्यात पुढे ‘फॉल्ट’ म्हणजे घटना आहे, म्हणून ‘बिघाडामुळे’ सूचना गेली नाही. तिसऱ्यात ‘ड्यू फ्रॉम यू’, तुमच्याकडून विलंबशुल्क येणं नाही. चौथ्यात फॉर्म रीतसर सही करून परत पाठवायचा. पाचव्यात ‘ड्यू टू’च्या पुढे क्रियापद, म्हणून कार्डं पुढच्या आठवड्यात यायची आहेत, ती पोस्टानं पाठवणार ‘इन ड्यू कोर्स’, म्हणजे तारीख सांगितलेली नाही.

आता एक गोष्ट शोधा जी या पत्रात नाही. वर्गणीची तारीख उलटून गेली, दंडही माफ झाला, पण आता कधीपर्यंत भरायची? ‘ड्यू ऑन’ आहे, ‘ड्यू बाय’ कुठेच नाही. तेव्हा सही केलेल्या फॉर्मसोबत एक ओळ धाडायची: ‘बाय व्हॉट डेट इज द पेमेंट नाऊ ड्यू?’